कालप्रवास, प्रेमकथा आणि २०२ वर्षांचा हिशेब: डायना गॅबल्डोनची 'आउटलँडर'

पानगळ

आधीच सूचना: या कादंबरीमालिकेच्या पहिल्या चार पुस्तकांतल्या घटना या धाग्यात उघडपणे येणार आहेत. कोऱ्या मनाने वाचायचं असेल तर इथूनच परत फिरा. तिच्यावरच्या टीव्ही मालिकेतल्या नटांवर आणि पोशाखांवर बोलायला इतर धागे आहेत. इथे लेखिका, तिची लिहिण्याची रीत आणि तिने बांधलेला काळाचा हिशेब यांवर बोलू या.

गॅबल्डोनचा जन्म ११ जानेवारी १९५२ चा, अ‍ॅरिझोनातला. बालपण फ्लॅगस्टाफला गेलं. १९७३ मध्ये प्राणिशास्त्राची पदवी, १९७५ मध्ये स्क्रिप्स या सागरशास्त्र संस्थेतून सागरी जीवशास्त्रात एमएस, १९७८ मध्ये डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय होता पिन्यन जे हा पक्षी घरट्यासाठी जागा कशी निवडतो. पुढे अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात नोकरी, शास्त्रीय संगणनात नाव, 'सायन्स सॉफ्टवेअर क्वार्टर्ली' नावाचं नियतकालिक तिनेच सुरू केलेलं. जोडीला डिस्नेच्या कॉमिक्सची संहिता लिहिणं. मार्च १९८८ मध्ये तिने कादंबरी हातात घेतली ती निव्वळ सरावासाठी. कुणाला दाखवायची नाही असं ठरवलं होतं, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

स्कॉटलंड सुचलं ते 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेच्या एका जुन्या भागावरून. त्यात १७४५ च्या आसपासचा, किल्ट घातलेला जेमी मॅक्रिमन नावाचा तरुण आहे. ती भूमिका करणारा फ्रेझर हाइन्स पुढे 'आउटलँडर' मालिकेत तुरुंगाधिकारी म्हणून दिसला.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कालप्रवास तिच्या मूळ बेतात नव्हताच. साधी ऐतिहासिक कादंबरी चालली होती. तिसऱ्या दिवशी एवढ्या स्कॉटिश पुरुषांसमोर कुणी तरी हवं म्हणून तिने एक इंग्रज बाई आणली, आणि ती बाई पहिल्या वाक्यापासून विसाव्या शतकातल्यासारखी बोलायला लागली. लेखिकेने तिला अठराव्या शतकात बसवायचा प्रयत्न केला, जमेना. शेवटी तिला आधुनिकच ठेवली आणि ती तिथे पोचली कशी हे नंतर शोधलं. म्हणजे आधी आवाज, मग त्या आवाजासाठी काळाचं दार. या प्रकारातल्या पुष्कळ कादंबऱ्यांत आधी दार बनतं आणि मग त्यातून कुणाला तरी ढकललं जातं. ती माणसं पुठ्ठ्याची वाटतात ती त्यामुळेच.

दुसरी गोष्ट नियमाची. ती इंग्रज बाई, क्लेअर, १९४५ मधून १७४३ मध्ये जाते. अंतर २०२ वर्षांचं, आणि दोन्हीकडची घड्याळं सारख्याच वेगाने चालतात. १७४६ मध्ये ती परत येते तेव्हा इकडे १९४८ उजाडलेलं असतं. १९६८ मध्ये पुन्हा जाते तेव्हा तिकडे १७६६. निघाली त्याच क्षणी परत येण्याची सोय असती, तर तिच्या आणि तिच्या अठराव्या शतकातल्या स्कॉटिश नवऱ्याच्या, जेमी फ्रेझरच्या, मधल्या वीस वर्षांना काही किंमतच उरली नसती. ती वीस वर्षं दोघांनाही खरोखर जगावी लागतात, दोघंही म्हातारपणाकडे झुकतात. कालप्रवासाच्या प्रेमकथेत विरहाला वजन येतं ते अशा नियमाने. भावनेचे परिच्छेद कितीही लिहिले तरी ते काम होत नाही.

ओसरी

उत्तम सुरुवात. लिहिण्याच्या रीतीबद्दल भर घालते.

ती आराखडा करत नाही आणि क्रमानेही लिहीत नाही. एखादी वस्तू, संवादाची एक ओळ, एखादं दृश्य असा एक कण घेते आणि त्याला प्रश्न विचारत जाते. तिने स्वतः अनेकदा दिलेलं उदाहरण म्हणजे लिलावाच्या कॅटलॉगमध्ये दिसलेला स्कॉटिश काचेचा पेला. त्यावर प्रकाश पडलाय, तो कुठून येतोय? खिडकीतून की मेणबत्तीचा? निळसर असेल तर हिवाळ्यातली दुपार. मग खोली थंड असणार, शेकोटी असणार. पेला कुणाच्या हातात आहे? असं करत प्रसंग उभा राहतो. असे सुटे प्रसंग साठतात, आणि मग कोणता कशाला जुळतो हे दिसायला लागतं. काम बहुतेक मध्यरात्रीनंतर, कारण सुरुवातीला नोकरी आणि तीन लहान मुलं सांभाळून तेवढाच वेळ हाती उरायचा.

या पद्धतीत एक खड्डा हमखास असतो. सुटे प्रसंग जोडताना तारखा मागे राहतात. याचं नेमकं उदाहरण पहिल्याच पुस्तकात आहे. अमेरिकी आवृत्तीत क्लेअर आणि तिचा विसाव्या शतकातला नवरा फ्रँक युद्ध संपल्यावर दुसऱ्या मधुचंद्राला इन्व्हर्नेसला आलेत आणि ती काळाचं दार असलेल्या प्राचीन शिळांमधून जाते ती बेल्टेन या जुन्या केल्टिक सणाच्या सुमारास, म्हणजे १ मेच्या आसपास, १९४५ मध्ये. युरोपातलं युद्ध संपलं ८ मे १९४५ ला. आठवडाभराचा घोळ. ब्रिटनमध्ये हेच पुस्तक 'क्रॉस स्टिच' नावाने आलं तेव्हा वर्ष १९४६ केलं गेलं. मालिकेने वेगळा मार्ग काढला: वर्ष १९४५ च ठेवून प्रसंग बेल्टेनवरून साविन या दुसऱ्या केल्टिक सणावर, ऑक्टोबरअखेर नेला.

शुहूरसन

पण १९४६ केलं की २०२ चे २०३ होतात, आणि १७४६ ↔ १९४८ ही पुढची जोडी त्यात बसत नाही. एक टोक शिवलं की दुसरं उसवतं. मालिकेची दुरुस्ती जास्त शहाणी, कारण तिने फक्त ऋतू हलवला, अंतराला हात लावला नाही.

यापेक्षा बारीक मुद्दा दिनदर्शिकेचा आहे, आणि ब्रिटनमधल्या अठराव्या शतकावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो छळतो. ब्रिटनने ग्रेगोरियन दिनदर्शिका १७५२ मध्ये घेतली. त्या वर्षी बुधवार, २ सप्टेंबरनंतर थेट गुरुवार, १४ सप्टेंबर आला. १७४३ मध्ये स्कॉटलंड अजून जुन्या दिनदर्शिकेवर होतं, अकरा दिवस मागे. स्टुअर्ट घराण्याच्या बंडखोर समर्थकांचा, म्हणजे जॅकोबाइटांचा, शेवटचा पराभव झाला ती कलोडनची लढाई १६ एप्रिल १७४६ ची म्हणतात ती जुन्या गणनेने. त्या दिवशी पॅरिसमध्ये २७ एप्रिल होता.

आता दोन प्रश्न येतात. पहिला: शिळा उघडतात त्या तारखेने की सूर्याने? सूर्याने म्हणाल, तर १ मे १९४५ ला निघालेली बाई २० एप्रिल १७४३ ला उतरायला हवी, आणि गावात अजून बेल्टेनची तयारीही सुरू झालेली नसेल. तारखेने म्हणाल, तर दगडाला ब्रिटिश पार्लमेंटचा कायदा कळतो असं होतं. मला सूर्याची बाजू पटते. दुसरा प्रश्न: दुसऱ्या पुस्तकात ती दोघं फ्रान्सला जातात. फ्रान्सने नवी दिनदर्शिका १५८२ मध्येच घेतलेली. खाडी ओलांडली की तारीख अकरा दिवस पुढे उडी घेते. क्लेअर त्या काळात गरोदर आहे. नुसत्या तारखांवरून तिचे आठवडे मोजायला जाल, तर दीड आठवड्याची चूक ठरलेली.

असं काही लिहिणाऱ्यांसाठी उपाय साधा आहे. एका कागदावर चार उभे रकाने करा: इकडची तारीख, तिकडची स्थानिक तारीख, तिकडची आजच्या गणनेने तारीख, आणि त्या दिवशी प्रत्येक पात्राचं वय. चंद्राच्या कलेसाठी पाचवा रकाना ठेवलात तर रात्रीचे प्रसंगही सुरक्षित राहतात.

निरगुडी

हिशेब पटला. पण वाचकांच्या प्रतिक्रियांबद्दल बोलायचं तर सगळ्यात मोठा वाद हिशेबाचा नाहीच. पहिल्या पुस्तकात क्लेअर सांगितलेल्या जागेवरून निघते, इंग्रजांच्या हाती सापडते, तिला सोडवताना सगळ्यांचे जीव धोक्यात येतात, आणि त्यानंतर जेमी तिला पट्ट्याने मारतो. १९९१ पासून या प्रकरणावर वाचक दोन तट करून बसलेत. 'तेव्हाचा काळच तसा होता' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. काळ तसा असेल, पण कोणता प्रसंग दाखवायचा आणि तो कोणत्या सुरात सांगायचा हे लेखिकेच्या हातात असतं. त्या प्रकरणाचा सूर मध्येमध्ये हलकाफुलका होतो, आणि खुपतं ते नेमकं तेच.

लैंगिक हिंसेचंही तसंच. वेंटवर्थ तुरुंगात जेमीवर झालेला अत्याचार कथेला आवश्यक आहे, कारण त्याचे परिणाम पुढे पुस्तकभर आणि पुस्तकांबाहेरही राहतात. पुरुषावरच्या अत्याचाराला आणि त्यातून सावरण्याला प्रेमकथेत इतकी जागा त्या काळी क्वचितच मिळायची. पण चौथ्या पुस्तकात क्लेअर-जेमीच्या मुलीवर, ब्रिआनावर, तोच प्रसंग येतो आणि पुढेही येत राहतो. एकदा जी गोष्ट आतून हलवते, तीच पुन्हा आली की वाचक प्रसंग यायच्या आधीच तो ओळखतो आणि मनाने बाहेर पडतो.

पानगळ

निरगुडीताई, वेंटवर्थबद्दल पूर्ण सहमत. मारण्याच्या प्रकरणाच्या सुराबद्दलही सहमत. त्यानंतर क्लेअर त्याच्याकडून वचन घेते, हा भाग मात्र सोडू नये. पुन्हा हात उचलला तर काय होईल हे ती खंजीर त्याच्या छातीशी धरून सांगते. दोन काळांच्या कायद्यांची टक्कर नवरा-बायकोच्या खोलीत होते ती तिथे.

बखरीचं पान

इतिहासाच्या बाजूने थोडं.

गॅबल्डोनची कालप्रवासाची भूमिका तिने १९९९ च्या आपल्या 'आउटलँडिश कम्पॅनियन'मध्ये स्वतंत्र लेखात मांडली आहे. सार असं: कालप्रवाशाला दुसऱ्या काळातही आपल्या काळाइतकंच स्वातंत्र्य असतं, पण ताकद एकाच माणसाची असते. एकाचा जीव वाचवणं, एकाला मारणं शक्य आहे. हजारो माणसांच्या निर्णयांतून घडणारी घटना एकट्याने थांबत नाही. म्हणून दुसऱ्या पुस्तकात क्लेअर आणि जेमी जॅकोबाइटांचा राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट याचा पैसा अडवायला पॅरिसमध्ये जिवाचं रान करतात, आणि तरी १९ ऑगस्ट १७४५ ला ग्लेनफिननला बंडाचं निशाण उभं राहतंच. कलोडन होतंच. तासाभराच्या आत लढाई आटोपते आणि जॅकोबाइट बाजूची सुमारे १५०० माणसं मरतात किंवा जखमी होतात.

हा नियम कथेला फार उपयोगी पडतो. वाचकाला शेवट माहीत आहे, नायिकेलाही माहीत आहे, तरी प्रत्येक पानावर काही तरी पणाला लागलेलं असतं: युद्ध टळणार नाही, पण यातला कोण वाचेल?

फ्रँकचा पेचही तसाच. त्याचा पूर्वज जॅक रँडल हा क्रूर अधिकारी. त्याला मूल व्हायच्या आधी मारलं तर फ्रँक जन्मेल का, या भीतीने क्लेअर जेमीचा हात धरून ठेवते. पुढे कळतं की वंश जॅकच्या धाकट्या भावाचा, अ‍ॅलेक्सचा. वंशावळीत नाव होतं, रक्त नव्हतं. कागदावर विसंबून घेतलेल्या निर्णयाची किंमत या मालिकेत पुन्हा पुन्हा मोजावी लागते.

नवख्या लेखकांची एक चूक इथेच सांगतो. प्रत्येक कुळाचा ठरलेला टार्टन, म्हणजे चौकड्यांच्या कापडाचा नमुना, १७४० च्या दशकात दाखवतात. ती पक्की वर्गवारी एकोणिसाव्या शतकातली. तेव्हा विणकराकडे जे रंग मिळत ते वापरले जात, आणि बाजू ओळखायची ती टोपीवरच्या फितीवरून. हायलँड पोशाखावरची बंदी कलोडननंतरची. कायदा १७४६ चा, लागू १ ऑगस्ट १७४७ पासून, उठली १७८२ मध्ये.

काढाचिराईत

औषधांवर लिहायलाच हवं, कारण क्लेअरचं ज्ञान हे तिचं खरं सामान आहे.

१९४५ ची युद्धातली परिचारिका निवडली हे फार विचाराचं आहे. तिला निर्जंतुकीकरण माहीत आहे, पेनिसिलिन नुकतंच हातात आलंय, आणि तरी तिचा हात यंत्रांशिवाय चालतो. आजच्या अतिदक्षता विभागातली परिचारिका १७४३ मध्ये नेलीत तर तिची अर्धी कौशल्यं विजेबरोबरच जातील. १९६८ मध्ये क्लेअर परत निघते तेव्हा ती शल्यविशारद झालेली असते आणि सोबत पेनिसिलिन व सुया नेते. पुढच्या पुस्तकांत ती बुरशीपासून पेनिसिलिन बनवू बघते, आणि ते बेभरवशाचं दाखवलंय हे योग्यच आहे. योग्य जातीची बुरशी मिळायला हवी, कच्च्या द्रावात औषधाचं प्रमाण अत्यल्प, मात्रा मोजायची सोय नाही, आणि पोटातून दिलं तर आम्लात बरंचसं नष्ट होतं.

चूकही दाखवतो. दुसऱ्या पुस्तकात पॅरिसचा औषधविक्या कडू कॅस्कारा विकतो. ते झाड उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचं. युरोपच्या औषधपेटीत ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं. १७४४ च्या पॅरिसमध्ये सोनामुखी किंवा रेवाचिनी चालली असती.

आणि माझ्या दृष्टीने पहिल्या पुस्तकातली सर्वोत्तम कारागिरी: चेटकिणींच्या खटल्यात गाइलिस डंकन आपला दंड उघडा करते आणि तिथे देवी काढल्याचा वण दिसतो. जेनरची लस १७९६ ची. जमावाला ती सैतानाची खूण वाटते, आणि त्या सगळ्या गर्दीत एकट्या क्लेअरला कळतं की ही बाईदेखील पुढच्या काळातली आहे. एक शब्द न बोलता. दोन प्रवाशांची ओळख पटवायला याहून नेटकी खूण मिळणार नाही: शरीरावर असते, हरवत नाही, आणि जाणकारालाच वाचता येते.

ओसरी

काढाचिराईत, मराठीत पेशवाईतल्या पुण्यावर असं कुणी लिहायला घेतलं तर ही खूण चालेल का?

काढाचिराईत

प्रवाशाच्या जन्मवर्षावर अवलंबून. भारत देवीमुक्त झाल्याचं १९७७ मध्ये जाहीर झालं. १९६० मध्ये जन्मलेल्या बाईच्या दंडावर तो वण असेल, १९९० मध्ये जन्मलेल्या मुलीच्या नसेल. तिच्या डाव्या दंडावर बीसीजीचा वण असेल. दुसऱ्या प्रवाशाने तो ओळखला तर प्रसंग तसाच उभा राहील. पण त्या मुलीला देवीची प्रतिकारशक्ती शून्य, हे विसरू नका. मुंबईत पहिली लस टोचली गेली १८०२ मध्ये. त्याआधीच्या पुण्यात ती उतरली, तर तिच्यासाठी सगळ्यात मोठा धोका तलवारीचा नसून देवीच्या साथीचा आहे.

शुहूरसन

पेशवाईत जायचं तर कालगणनेची तयारी जास्त लागेल. दफ्तरातल्या कागदांवर शुहूर सन, म्हणजे तेव्हाची अरबी वर्षगणना, असतो. तो मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. शकाला ७८, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. पानिपत: शके १६८२, पौष शुद्ध ८, बुधवार. १६८२ अधिक ७९, म्हणजे १७६१.

तिथेही एक ठेच ठरलेली. १४ जानेवारी १७६१ म्हणजे संक्रांतीचा दिवस, असं समजून रणांगणाच्या प्रसंगात तिळगूळ आणतात. संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो संक्रांतीचा दिवस होता. त्याच्या शंभर वर्षं आधी ती आणखी दीडएक दिवस मागे. लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन गेलेली होती.

आणि लिपी. आजचा मराठी माणूस १७६१ च्या पुण्यात उतरला तर बोलणं कसंबसं कळेल, पण पत्र वाचता येणार नाही, कारण ते मोडीत असेल. प्रेमकथेला हे वरदान आहे. नायकाने लिहिलेली चिठ्ठी नायिकेला दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागेल.

बखरीचं पान

आपल्याकडे जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' आहेच. तिथे प्रेमकथा नाही. विश्वासरावांना लागलेली गोळी चुकते आणि इतिहासाला दुसरा फाटा फुटतो. पण पुराव्याची कल्पना बघा: परत आलेल्या प्राध्यापकांच्या खिशात त्या दुसऱ्या इतिहासातल्या बखरीचं फाटकं पान निघतं. गॅबल्डोनच्या तिसऱ्या पुस्तकातही पुरावा छापील कागदाचाच. जेमी कलोडननंतर जिवंत राहिला का हे १९६८ मध्ये शोधताना रॉजर या तरुण इतिहासकाराला १७६५ चा एक छापील लेख सापडतो, मुद्रक एडिनबरोचा. त्यात स्वातंत्र्य आणि व्हिस्की जोडीने चालतात या अर्थाची ओळ आहे. ती ओळ स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सची, आणि बर्न्सचा जन्म १७५९ चा. १७६५ मध्ये तो सहा वर्षांचा होता. क्लेअरने ती ओळ जेमीला पूर्वी ऐकवलेली असते. म्हणजे मुद्रक कोण ते ठरलं.

बर्न्सचं जन्मवर्ष ताडून बघता येतं, आणि तो पुरावा टिकतो. सगळा शोध नायिकेला पडलेल्या स्वप्नावर उभा केला असता तर हे पान वाचकाने उलटून टाकलं असतं.

निरगुडी

वाचकांच्या प्रेमाची दुसरी बाजूही नोंदवते. कलोडनच्या मैदानावर कुळांच्या नावाचे दगड १८८१ मध्ये बसवले, खाली खऱ्या माणसांच्या सामूहिक कबरी आहेत. फ्रेझर नावाच्या दगडाकडे इतकी गर्दी लोटली की गवत तुडवलं जाऊन जमीन उघडी पडली, आणि नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडला त्याभोवती अडसर घालावा लागला. जेमी कल्पित आहे, खाली पुरलेले फ्रेझर नाहीत. तिथे जाणाऱ्यांनी पायवाट सोडू नये. शिळांसाठी जवळच क्लाव्हाचा दगडी समूह आहे, सुमारे ४००० वर्षं जुना. तिथेही दगडाला हात लावून फोटो काढायचा मोह आवरावा, त्यावरच्या शेवाळाचं नुकसान होतं.

२०१० मध्ये गॅबल्डोनने आपल्या पात्रांवर इतरांनी कथा लिहिण्याला उघड विरोध केला तेव्हाही मोठं वादळ उठलं होतं. तिची स्वतःची सुरुवात टीव्हीवरच्या एका पात्रापासून झालेली, हे वाचकांनी लगेच दाखवून दिलं. मला तिची बाजू अर्धीच पटते. एका तरुणाच्या किल्टवरून आणि नावावरून काही सुचणं वेगळं, आणि तयार पात्र त्याच्या भूतकाळासकट उचलणं वेगळं. पण वाचकांवर तेव्हा वापरलेली भाषा गरजेपेक्षा कठोर होती.

दुपारतिठा

छान धागा. नऊ पुस्तकं, प्रत्येक विटेएवढं जाड. दहावं अजून यायचंय. सुरुवात कुठून आणि थांबायचं कुठे?

पानगळ

पहिली तीन वाचा: १९९१, १९९२, १९९३ ची. तेवढ्यात एक पूर्ण वर्तुळ होतं. चौथ्यापासून कथा नॉर्थ कॅरोलायनात जाते, घर बांधणं, शेती, नातवंडं, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध. तो वेगळ्या चवीचा ऐवज आहे, आणि पाचव्यात तर एका दिवसाच्या वर्णनाला शेकडो पानं दिली आहेत. सावकाश वाचन आवडत असेल तरच पुढे जा.

दुसरं पुस्तक उघडल्यावर गोंधळू नका. ते थेट १९६८ मध्ये सुरू होतं, क्लेअर वीस वर्षांच्या मुलीला घेऊन इन्व्हर्नेसला आलेली. मधलं काही सुटलं असं वाटून बरेच जण पहिलं पुस्तक पुन्हा चाळतात. काही सुटलेलं नाही, वाचत राहा, शंभरेक पानांत पॅरिस येतं. आणि तिसऱ्यात छापखान्याचं प्रकरण येईल तेव्हा तिच्या सामानाकडे लक्ष ठेवा. १७६६ मध्ये ती मुलीचे रंगीत फोटो घेऊन गेली आहे. ज्या माणसाने फोटो ही वस्तूच पाहिलेली नाही, त्याच्या हातात ती न पाहिलेल्या मुलीचे फोटो ठेवते. ते पान घाईत वाचू नका.